‘दुसरा फोन’ या रकान्यातली नोंद

वसंतनानांची आणि माझी पहिली भेट जळगावच्या रक्तपेढीत झाली. त्यांनी एकट्याने लिहिलेला प्रोग्राम तिथल्या संगणकावर वर्षानुवर्षे चालत होता. त्याचीच वेगळी प्रत धुळ्याच्या शाखेत. दोन्हीकडच्या नोंदी एकत्र दिसाव्यात म्हणून तो पायथन या संगणकभाषेतल्या जँगो या तयार साच्यात, वेबसाठी नव्याने बांधायचे काम माझ्याकडे आले होते. आपले काम मोडायला आलेल्या माणसाला नानांनी चहा पाजला आणि एक अट घातली. कोड लिहिण्याआधी दोन्ही शाखांत, नोंदी करणाऱ्यांजवळ एकेक दिवस बसायचे.

जळगावला मी बसलो. मुदत जवळ आली, म्हणून धुळे टाळले. दोन्ही प्रतींमधले नोंदींचे तक्ते तर सारखेच होते.

नवी प्रणाली सुरू झाली त्याच दुपारी, मी जळगावला नानांजवळ बसलो असताना, धुळ्याहून सुमनअक्कांचा फोन आला. तिथल्या नोंदी त्या पाहतात. थॅलेसेमियाची एक मुलगी रक्त घ्यायला आली होती, पिशवी तयार होती. अक्का म्हणाल्या, “नाना, मनी नोंद कोठे गई? आठे बठ्ठं कोरं शे.” मुलीच्या नावापुढे त्यांनी लिहिलेले सगळेच पडद्यावरून गेले होते.

जुन्या प्रोग्राममध्ये शेऱ्याला जागा नव्हती. त्यामुळे कोणाला कोणते रक्त सोसत नाही, हे अक्का ‘दुसरा फोन’ या रकान्यात लिहीत. नोंदी हलवताना मी त्या रकान्यातली अक्षरे कचरा समजून गाळली होती. पूर्वी एखाद्या रक्ताने झालेला त्रास पिशवी देण्याआधीच्या नव्या तपासणीत दिसेलच, याची खात्री नसते.

“पिशवी फ्रिजमध्ये ठेवा, अक्का. नोंद सापडेपर्यंत तिला रक्त लावू नका,” नाना म्हणाले.

मी घाईत जळगावचीच जुनी फाइल उघडली. फोन चालू होता, मुलीची आई “अजून किती वेळ?” विचारताना ऐकू येत होती. नाना म्हणाले, “सावकाश, भाऊ. उशीर चालेल.” धुळ्याची फाइल उघडली, नोंद मिळाली. अक्कांनी पिशवी पुन्हा तपासून घेतली. ते रक्त तिला चालणारे नव्हते. दुसरी पिशवी मिळायला संध्याकाळ झाली.

तेव्हा कुठे नानांनी मला विचारले, “धुळ्याची बस बंद झाली आहे का हो?”

रक्तपेढीच्या विश्वस्तांपुढे मी उभा राहण्याआधीच नाना बोलले, “शेऱ्याचा रकाना मी दिला नव्हता. पहिली चूक माझी.” मग आठवडाभर ते माझ्यासोबत धुळ्याला आले आणि अक्कांच्या प्रत्येक नोंदीचा अर्थ त्यांनी मला विचारायला लावला.

नाना आज साठ वर्षांचे झाले. ती मुलगी आता पडद्यावरची आपली नोंद स्वतः वाचते, मगच हात पुढे करते. तिला अजून पुष्कळ वर्षे यायचे आहे. नानांना तितकेच दीर्घ, निरोगी आयुष्य लाभावे, आणि तिच्या प्रत्येक खेपेला आमचे काम तपासायला ते असावेत.