तिचं छापून आलेलं शेवटचं लिखाण

मुळशी तालुक्यातल्या भुकूममध्ये आमच्या वरच्या खोलीत ब्रह्मदेशातली एक लेखिका भाड्यानं राहते. तिच्या देशात लष्करानं सत्ता घेतली, तिनं त्याविरुद्ध लिहिलं, तेव्हा तिची पुस्तकं दुकानांतून उचलली गेली आणि तिला पळावं लागलं. मीही चार कथा छापून आणल्यात, त्यामुळे सुरुवातीला मला तिचा चक्क हेवा वाटला. हिच्या लिखाणाला सरकार घाबरतं. माझ्या लिखाणाला साधा संपादक घाबरत नाही!

हेवा फार टिकला नाही. तिची म्हातारी आई तिकडेच होती, एकटी. लेकीनं लिहिलं म्हणून आईचं घर सील करायची धमकी देऊन लष्कराची माणसं गेली होती. खोलीत रेंज नसल्यानं ही आईशी जिन्यात उभी राहून बोलायची. तिचं रडणं आम्हाला ऐकू यायचं, शब्द मात्र एक कळायचा नाही.

मागच्या महिन्यात ती मोबाइल घेऊन खाली आली. तिकडच्या वर्तमानपत्राचं पान, त्यात एक लहानशी चौकट. बोट ठेवून म्हणाली, हे माझं नाव. मी वेडी, अभिनंदन करून मोकळी झाले.

अक्षर एकही वाचता येत नसलं तरी सासूबाईंनी चौकट निरखून बघितली. "आगं, ही तर जाहीर नोटीस दिसतीया. जमीन इकली का काय कुणी?" आमच्या मुळशीत पेपर उघडला की आधी तेच बघतात, भावानं परस्पर जमीन विकली तर तिथंच कळतं.

जमीन नव्हती. तिनं वाचून सांगितलं, तिच्या आईनं जाहीर केलं होतं की ही माझी मुलगी नाही, माझा तिच्याशी कसलाही संबंध उरलेला नाही. घर वाचवायचं तर तिकडे आईबापांना असं छापावं लागतं. आणि ते खरं वाटावं म्हणून यापुढे फोनही बंद.

सासूबाई भडकल्या. "आई हाय का कोण ही? पोटच्या पोरीला आसं म्हणवतं तरी कसं?"

म्हणवत नव्हतंच, ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली. आईनं लिहिलेलं फार मऊ होतं, कुणालाच पटलं नसतं. म्हणून सगळा मजकूर हिनंच लिहून दिला.

ती सांगत राहिली. तिच्या सहा पुस्तकांतलं एकही आईनं भीतीपोटी कधी उघडलं नव्हतं. हे मात्र शेवटच्या फोनवर दोनदा मोठ्यानं वाचलं, आणि म्हणाली, छान लिहितेस गं.