बुदीचं तोंड

एर्मिंदा काल्फीन बुदी सरोवराच्या काठी जन्मली आणि तिथेच म्हातारी झाली. सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा एक पट्टा तेवढा. वाळूने सरोवराचं तोंड बुजलं की पावसाचं पाणी तुंबतं आणि शेतात शिरतं. मग इथले मूळ रहिवासी, मापुचे लोक, फावडी घेऊन जातात आणि पाण्याला वाट करून देतात. एर्मिंदा अकराव्या वर्षापासून जात होती.

इकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो. त्या हिवाळ्यात तो तीन आठवडे थांबला नाही. बटाट्याचे वाफे बुडाले, पाणी दफनभूमीला लागलं. पण शहरातल्या कचेरीने नवा नियम काढला होता, परवानगीशिवाय वाळूला हात लावायचा नाही. एर्मिंदा दोन तास बसने गेली. ओयार्सुन नावाच्या साहेबाने नकाशा पसरला.

"बाई, इथे तर 'रिकामी दलदल' लिहिलंय. बुडायला आहे काय?"

"माझी आई आहे तिथे, पुरलेली! भाऊ आहे. चाळीस घरं आहेत. रिकामी म्हणे! नकाशा काढणाऱ्याचे डोळे फुटले होते का?"

"आवाज खाली. अर्ज द्या, पंधरा दिवसांत पाहणी होईल."

"मग होडी घेऊनच या पाहणीला!"

अर्ज न देताच ती परतली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती फावडं घेऊन वाळूवर गेली. शेजारचा लोरेन्सो धावत आला. तो तिला पापाय, म्हणजे आजी, म्हणायचा.

"पापाय, पोलीस येतील गं!"

"येऊ देत. त्यांच्याही हातात फावडं दे."

तासाभरात तीसेक माणसं जमली. एर्मिंदाने गव्हाचं आंबवलेलं पेय समुद्राला वाहिलं, त्याची परवानगी मागितली आणि खणायला घेतलं. दुपारी पाणी वाळू फोडून धो धो सुटलं.

पूर ओसरला, पण अर्धे बटाटे कुजले होते. आईच्या थडग्यावरचा लाकडी क्रूस वाहून गेला होता. तो शेवटपर्यंत सापडला नाही.

पोलिसांनी फक्त तिचं नाव लिहून नेलं. नंतर तिला कचेरीत बोलावून ओयार्सुनने माफीनामा पुढे सरकवला.

"सही करा, प्रकरण मिटेल."

"नियम केलात तुम्ही, मेलेली माणसं बुडाली आमची, आणि माफी मी मागू?"

तिने कागद परत ढकलला. तिला आणखी तीनदा बोलावलं, तीनदा ती गेली. सही केली नाही. पुढे बोलावणं थांबलं. प्रकरण मिटलं की नाही, हे कुणी तिला कळवलंसुद्धा नाही.

पुढच्या हिवाळ्यात तोंड पुन्हा बुजलं. सगळे फावडी घेऊन थेट वाळूवर गेले. या वेळी कचेरीत विचारायला कुणीच गेलं नाही.