झेलिंदाचं विरजण

झेलिंदा बार्देल्लीच्या टेबलावर पाहुण्याला स्वतःचं मत नसायचं. इटलीत, सिएना शहराच्या खालच्या अंगाला टेकडीवर त्यांच्या घरची छोटीशी वाइनरी होती. मळा आणि तळघर मुलगा दूच्चो बघायचा. पाहुण्यांपुढे कुठली वाइन ओतायची आणि तिच्याबरोबर काय वाढायचं, हे मात्र झेलिंदा ठरवायची. यंदाची कोवळी तांबडी सॉसेज आणि पांढऱ्या घेवड्याबरोबर. जुनी तांबडी रानडुकराच्या रश्शाबरोबर, तीही रस्सा आदल्या दिवशीचा असेल तरच. एकदा मिलानच्या एका वकिलाने रानडुकराबरोबर पांढरी मागितली. झेलिंदाने त्याच्या पुढची ताटली उचलून नेली आणि मेंढीच्या चीजचा तुकडा आणून आदळला.

"पांढरी हवी ना? मग हे खा. त्या डुकराने तुझं काय वाकडं केलंय?"

वकील निमूट चीज खाऊन गेला आणि पुढच्या वर्षी बायकोला घेऊन आला. असल्या बाईचा राग तरी कसा धरायचा!

तिचा खरा जीव मात्र माळ्यावर अडकलेला असे. तिथे चटयांवर द्राक्षं सुकायची, थंडी सरता सरता त्यांचा रस काढायचा आणि छोट्या पिंपांत तो वर्षानुवर्षं कौलांखालच्या उन्हाथंडीत मुरायचा. त्यातून निघणारी मधाच्या रंगाची गोड वाइन म्हणजे वीनसांतो. जेवणाआधी कोंबडीच्या काळजाची चटणी लावलेल्या पावाबरोबर एक घोट आणि शेवटी बदामाच्या बिस्किटाबरोबर एक. बिस्किट वाइनमध्ये बुडवलेलं झेलिंदाला खपत नसे. "बुडवायचं असेल तर दूध देते," असं ती भल्याभल्यांना सुनवायची.

पिंप रिकामं केलं तरी तळाचा दाट, काकवीसारखा गाळ तसाच ठेवायचा आणि त्यावर नवा रस ओतायचा. त्या लोकांत त्या गाळाला आई म्हणतात, पण काम सगळं विरजणाचं. बार्देल्लींचं विरजण झेलिंदाच्या आजेसासूच्याही आधीपासून चालत आलेलं. लढाईच्या दिवसांत घरचे सगळे जंगलात पळाले, तेव्हा कुणीतरी ते लोणच्याच्या बरणीत घालून पोटाशी धरून नेलं होतं म्हणे.

सून मिरेल्ला समुद्राकाठची, कोळ्याची पोर. लग्न होऊन आली त्या दिवसापासून माळ्याची किल्ली सासूच्या कमरेला आणि टोमणा तिच्या तोंडाशी. "मासळी सोलणाऱ्या हातांना विरजण कळायचं नाही, पोरी." मिरेल्लाने रांधलं, वाढलं, पाहुण्यांची उष्टी काढली, दोन मुलं मोठी केली. त्या घरात तिला हवं होतं ते एवढंच, की एक दिवस झेलिंदाने ती किल्ली आपणहून तिच्या हातात द्यावी. हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, कारण तो हसला असता.

मग एका रविवारी जेवण झाल्यावर झेलिंदाने बदामाचं बिस्किट उचललं आणि वीनसांतोत बुडवून खाल्लं. सगळ्यांसमोर, अगदी सहज. दूच्चो फोनवर होता, मुलं भांडत होती. ते फक्त मिरेल्लाने पाहिलं.

त्यानंतर झेलिंदा मीठ दोनदा घालू लागली. मेलेल्या नवऱ्याला जेवायला हाका मारू लागली. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं आणि खांदे उडवले. द्राक्षं सुकत आली तेव्हा एका बऱ्या दिवशी तिने मिरेल्लाला जवळ बोलावलं आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"मला जिना चढवत नाही गं. पण ऐक, विरजण सांडलंस तर घरात उभी करणार नाही."

"नाही सांडत, मम्मा. तुम्ही बघालच."

मिरेल्ला त्या दिवशी माळ्यावर जाऊन मनसोक्त रडली. अख्ख्या आयुष्यात तिला तेवढं सुख दुसऱ्या कशाचं झालं नसेल.

त्या वर्षी पिंपांच्या फळ्या गळायला लागल्या होत्या. दूच्चोने ती दुरुस्तीला नेली. त्याआधी मिरेल्लाने सगळ्या पिंपांतलं विरजण एका मातीच्या बरणीत काढून वर स्वच्छ फडकं बांधलं, आणि पिंपं परत यायची होती त्या दिवशी बरणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवली. बाहेर पाहुण्यांची गाडी थांबली म्हणून ती दार उघडायला गेली. त्यांना बसवलं, पाव दिला आणि परत आली.

झेलिंदा मोरीशी उभी होती. बाह्या वर सारलेल्या, नळाचं गरम पाणी सोडलेलं. बरणी लखलखीत धुऊन ती फडक्याने पुसत होती.

"घाणेरडी बरणी तशीच ठेवून जातेस?" ती म्हणाली. "बुडाला केवढा राप बसला होता!"

मिरेल्लाने मोरीत हात घातला. बोटांना थोडा तपकिरी ओघळ लागला, तोही पाण्यात विरघळून गेला. तेवढ्यात दूच्चो पिंपं घेऊन आत आला. बायकोचा चेहरा आणि मोरी पाहून त्याला काय ते समजलं. आणि नेमकं तेव्हाच झेलिंदाच्या डोक्यातलं धुकं फाटलं. हातातल्या बरणीकडे बघता बघता ती पांढरीफटक पडली.

"ह्यात काय होतं? दूच्चो, ह्यात काय होतं रे? कुणी धुतली ही?"

 दूच्चोने पुढे होऊन नळ बंद केला.

"मी," मिरेल्ला म्हणाली. "मी धुतली, मम्मा. चुकून."

झेलिंदाने तिला काय काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. मिरेल्लाने मान खाली घालून सगळं ऐकलं. उद्या विसरतील, असं तिला वाटलं. सगळंच तर विसरत होत्या.

पण उद्या झेलिंदा विसरली नाही. परवाही नाही. नातवंडांची नावं गेली, रानडुकराबरोबर कुठली वाइन ते गेलं, चमचा कसा धरायचा तेही गेलं. सुनेने विरजण मोरीत ओतलं, तेवढं मात्र पक्कं राहिलं. "आता तरी खरं सांगू या," असं दूच्चो एकदा म्हणाला. "कुणाला सांगणार?" मिरेल्लाने विचारलं. शेजारच्या मळ्यातून उसना गाळ आणून त्यांनी पिंपं भरली. बऱ्याच वर्षांनी ती उघडली, तर निघालं ते नुसतं गोड पाणी.

जुन्या वीनसांतोची शेवटची बाटली मिरेल्लाने पाहुण्यांना दिली नाही. एका दुपारी तिने ती सासूपुढे उघडली आणि बिस्किट स्वतःच बुडवून तिला भरवलं. झेलिंदाने सावकाश चघळलं.

"चांगली आहे गं," ती म्हणाली. "आता नाही व्हायची अशी. आमच्या सुनेने घालवलं सगळं. मासळीवाल्याची पोर ती."

"हो," मिरेल्ला म्हणाली.

झेलिंदाने तिचा हात धरला, उलटा करून पाहिला, बोटं चाचपली.

"तू कुणाची गं? जपून काम करणारे हात आहेत तुझे. किल्ली तुलाच द्यायला हवी होती."

मिरेल्लाने तिची हनुवटी पुसली आणि दुसरं बिस्किट बुडवलं.