पिझ्झा, कडेसकट

दातांच्या दवाखान्यात पुढच्या दाराने येणाऱ्या माणसाला दातवाला कधी दिसत नाही. तो मागच्या खोलीत असतो, प्लास्टरच्या जबड्यांच्या गराड्यात, नाकावर मास्क आणि बाहीवर मेणाचे डाग. डॉक्टर माप पाठवतात, हा कवळी करून पाठवतो, एवढाच दोघांचा व्यवहार. तीस वर्षं गडी हेच करतोय, आणि अजूनही एखादी कवळी घासायला परत आली की दिवसभर कुणाशी धड बोलत नाही.

शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाला की मात्र या खोलीला वेगळीच कळा यायची. दातवाला टेबलावरची भुकटी ओल्या फडक्याने पुसायचा, जबडे कपाटात जायचे आणि मागच्या दाराने त्याचे दोन जुने मित्र यायचे. एक नर्सबाई, निवृत्त, तिघांत वयाने मोठ्या आणि तोंडाने फटकळ. दुसरा ब्रेक. हा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, आणि शेजारच्या सीटवरून जन्मभर एकच शब्द ओरडल्यामुळे त्याचं नावच ते पडलं होतं. मग कोपऱ्यावरच्या पिझ्झावालीला फोन जायचा, आणि खोके येईपर्यंत तिघं जगाची उणीदुणी काढत बसायचे.

गेल्या वर्षी ब्रेकच्या हिरड्यांनी दगा दिला. सगळे दात काढावे लागले. तेव्हा दातवाला स्वतः पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला, म्हणून कवळी दुसरीकडून करून घेतली. ती पहिल्याच आठवड्यात जेवताना, जावयासमोर, ताटात पडली. त्या दिवसापासून ब्रेकचं शनिवारी येणं बंद. आधी पोट बिघडलं, मग पाहुणे आले, मग गुडघा धरला. नर्सबाई एकदा थेट घरी जाऊन धडकल्या, तर गडी तोंडावर रुमाल धरून दाराच्या फटीतून बोलला. शिकवण्या सोडल्या होत्या. घरातही एकटाच बसून पातळ काहीबाही जेवायचा.

खरं कारण दातवाल्याला ब्रेकच्या मुलीकडून कळलं. उठता यायला लागल्याबरोबर तो मित्राच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मी करतो तुझी कवळी," तो म्हणाला.

"कर," ब्रेक रुमालाआडून म्हणाला. "पण एकदाच. पुन्हा लोकांसमोर पडली, तर मला कुठे बोलवायचं नाही. तूही नाही."

दातवाल्याने त्या कवळीवर महिना घातला. वरची टाळूला धरून राहते, तिची फारशी काळजी नसते. खालची मात्र लबाड. तिला धरायला काही नाही, जिभेने नि गालांनी सांभाळलं तर राहते, नाहीतर तरंगते. डॉक्टरांनी ती बसवून दिली, ब्रेक आठवडाभर घरी तिच्यासोबत राहिला आणि शेवटी कबूल झाला, येतो म्हणाला.

आणि इथे दातवाल्याने माती खाल्ली. काळजीपोटी खाल्ली, पण खाल्लीच. त्या शनिवारी पिझ्झावालीला फोनवर म्हणाला, "दोन नेहमीचे. आणि एक मऊ करा. कड काढून टाका, बारीक तुकडे करा."

"लहान मूल आहे का कोणी?" पिझ्झावालीने विचारलं.

"नाही हो, मित्राला नवी कवळी बसवलीये." खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही. कवळी म्हणजे याच्या लेखी चप्पल किंवा छत्रीसारखी साधी वस्तू.

"बरं झालं सांगितलंत," पिझ्झावाली म्हणाली. बाई कामाला चोख. खोक्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून तिने जाड मार्करने वरच लिहून टाकलं, आणि तिचा नवरा तीन खोके टेबलावर ठेवून निघून गेला.

सगळ्यांत वरच्या खोक्यावर, वीतभर अक्षरांत, लिहिलेलं होतं: "कवळीवाल्यांसाठी."

ब्रेकने ते वाचलं, झाकण उघडलं, आतले मऊ चौकोनी तुकडे बघितले, झाकण लावलं आणि उठून उभा राहिला.

"चुकलं माझं," दातवाला म्हणाला. "मला वाटलं..."

"काय वाटलं? तूच केलेली आहे ना? तुझाच भरवसा नाही तिच्यावर?"

ते अगदी खरं होतं.

"तुमचं भांडण झालं की सांगा," नर्सबाई म्हणाल्या. "तोवर हे मऊ मी खाते. माझे वरचे चार कधीचे खोटे आहेत. कुणाला विचारावंसं वाटलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही." आणि त्यांनी खोका स्वतःपुढे ओढला.

ब्रेक त्यांच्याकडे बघतच राहिला. मग खुर्चीत बसला, दुसरा खोका उघडला आणि मुद्दाम शोधून असा तुकडा उचलला, ज्याची कड फुगून करपली होती.

"पुढच्या दातांनी तोडू नकोस," दातवाला घाईघाईने म्हणाला. "बारीक घास घे, दोन्ही बाजूंनी..."

ब्रेकने पुढच्या दातांनीच चावा घेतला. चीजची तार हातभर लांबली, तुटेना. त्याने मान मागे घेतली, ओढलं. तार तुटली. मग कडेला तोंड घातलं, आणि कडक आवाज झाला.

ब्रेकचा जबडा थांबला. एक क्षण, दोन क्षण. मग तो हलला, सावकाश, मग जरा जोरात. घास गिळला. कवळी जागच्या जागी.

"कांदा कमी घातलाय या वेळी," ब्रेक म्हणाला.

नर्सबाई खो खो हसत सुटल्या. दातवाल्याचा जीव भांड्यात पडला. ब्रेकने दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. भरल्या तोंडाने नर्सबाईंशी वाद घालू लागला. दातवाल्याच्या पुढचा तुकडा गार होऊन गेला, तरी त्याला भान नव्हतं.

"अरे, खा की," ब्रेक म्हणाला. "किती वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसणार?"

"बघू दे रे," दातवाला म्हणाला. "हजारो कवळ्या केल्या असतील मी. त्यातली एकही जेवताना पाहिली नव्हती."

ब्रेकचा हात थांबला. त्याने तोंड पुसलं, खुर्ची उचलून बरोबर दातवाल्याच्या समोर मांडली, खिडकीच्या उजेडात, आणि आणखी एक तुकडा घेऊन सावकाश खायला लागला.