रोडपालीच्या फ्लॅटमधली बाई

रोडपालीच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर निनादने बेल वाजवली. एका बाईने दार उघडलं, मला तिचा फक्त बांगड्या भरलेला हात दिसला, आणि तो आत गेला. सलग तिसरा रविवार. समोरच्या जिन्यात उभी राहून मी मनात म्हटलं, सापडला!

लग्नाआधी मुलामुलींची गुपचूप चौकशी करणं हा माझा धंदा. आम्ही त्याला प्री-मॅट्रिमोनियल म्हणतो. पनवेलला छोटं ऑफिस आहे. माणूस गोड बोलला की मला आधी शंका येते. आमचे हे म्हणतात, तू देवळातल्या पुजाऱ्याचंही आधार कार्ड मागशील. मागेनही.

क्लायंट होते उरणजवळच्या करंज्याचे हिरोजी नाखवा, दोन मच्छीमार बोटींचे मालक. त्यांची मुलगी प्रणाली एम.कॉम. झालेली. बोटी बंदराला लागल्या की मासळीचा लिलाव तीच पुकारायची. तिचा साखरपुडा झालेला निनाद कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मॅनेजर. त्याच्या घरी अंडंसुद्धा शिजत नाही.

"असला पोरगा आमच्या पोरीशी लगीन कशाला करल? त्याला माज्या बोटी पायजेत," नाखवा म्हणाले होते. मला ते लगेच पटलं. प्रेम थोडं खरवडलं की खाली फ्लॅट नाहीतर जमीन निघते, हे मी इतक्यांदा पाहिलंय.

त्या रविवारी मी घाई केली. बाई कोण, हे न तपासता नाखवांना फोन केला. याला आम्ही इंटरिम म्हणतो, म्हणजे पक्क्या रिपोर्टआधीची तोंडी खबर. संध्याकाळपर्यंत प्रणालीने साखरपुड्याची अंगठी काढून ठेवली होती आणि निनादचा नंबर ब्लॉक केला होता.

सोमवारी भाड्याने फ्लॅट हवाय असं सांगत मी तीच बेल वाजवली. बाई पासष्टीच्या पुढची निघाली. जन्मभर उरणला मासळी विकलेली, आता लेकाकडे राहायला आलेली. गप्पांत मी विषय काढला, "रविवारी एक मुलगा येतो ना तुमच्याकडे?"

"त्यो व्हय! त्याला म्हावरं साफ कराया शिकवते. पयल्या दिवशी बोंबील हातात घेतला आनि बाथरूममधी पलाला," ती हसत म्हणाली. "आता पापलेट बरा कापतो. सासऱ्याच्या घरी नाक धरून बसायचा नाय, म्हनतो."

सवयीने मी शेजाऱ्यांनाही विचारलं. तेच उत्तर मिळालं. मला माझीच लाज वाटली.

तिथेच जिन्यात बसून रिपोर्ट लिहिला आणि तशीच करंज्याला गेले. नाखवा जेट्टीवर जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि घडी करून खिशात घातला.

"प्रणालीला कधी सांगताय?" मी विचारलं.

"कशाला सांगायचं? मोडलं ते मोडलं. तुमी फक्त लिवून द्या, बाई हाय त्याची."

"म्हणजे खोटं लिहू?"

त्यांनी जाळ्याची एक गाठ आवळली. "तिची आई गेली. पोरगा दुबईला. ही पन गेली तर घरात माज्याशी बोलाया कोन हाय?"

बोटींची भीती नव्हतीच. मी निनादच्या मागे तीन रविवार फिरले, आणि ज्यांनी मला त्याच्या मागे लावलं त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

रिपोर्ट फक्त क्लायंटला द्यायचा, हा आमच्या धंद्याचा नियम. मी तो मोडला. नाखवांच्या घरी जाऊन प्रणालीला सगळं सांगितलं. ती जेट्टीवर आली आणि वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, एकटं वाटतं, एवढं बोलायचं होतं ना मला! त्याच्यावर घाण कशाला टाकलीत?"

नाखवांनी मान वर केली नाही. भर बंदरावर, लोकांदेखत ते रडले.

लग्न झालं. प्रणाली पनवेलला असते, लिलाव नाखवा स्वतःच पुकारतात. मला आमंत्रण नव्हतं, ते बरोबरच होतं.

आता नवा क्लायंट आला की मी फॉर्म भरायच्या आधी विचारते, "हे लग्न झालं तर तुमच्या घरात मागे कोण उरेल?" बरेच जण चहा अर्धा टाकून उठतात.