कमलाक्षीचा हात

गोव्यातल्या नार्वे गावात कुणाला कावीळ झाली की तो आधी कमलाक्षीमावशीच्या ओसरीवर यायचा आणि मग, जमलं तर, डॉक्टरकडे. रविवारी नाहीतर बुधवारी, सकाळी, अनशापोटी. ताकात वाटलेला पाला ती आपल्या हाताने पाजायची. पैसा घ्यायची नाही, आणि औषध घेऊन निघताना कुणी 'येतो' म्हटलं तर अंगावर ओरडायची. येतोस कशाला, कावीळ परत घेऊन?

पाल्याचं नाव तिला कुणी विचारत नसे. विचारून उपयोगही नव्हता, ते तिलाच ठाऊक नव्हतं. सासूने एका पहाटे तिला नदीकाठी नेऊन, चकार शब्द न काढता, तो पाला तिच्या तळहातावर ठेवला होता. हात, म्हणजे औषध द्यायचा हक्क, द्यायचा तो असाच, आणि आयुष्यात एकालाच. दिला की देणाऱ्याचा हात संपला. त्या दिवसापासून सासूने औषधाच्या पाट्याला बोट लावलं नाही. आता हा हात सून पल्लवीकडे जाणार, हे गावाने धरूनच ठेवलं होतं. पल्लवी डिचोलीला हायस्कुलात शिकवायची. पण शिकल्याने काही हाताचा गुण जात नाही, असं कमलाक्षीचं म्हणणं.

आणि त्या शुक्रवारी हीच कमलाक्षी म्हापशाच्या इस्पितळात बाकावर बसली होती. आत निलेश होता. दोडामार्गचा पोरगा, खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर, तिच्याच शेजारी भाड्याच्या खोलीत राहणारा. तिने त्याला दोनदा पाला दिला होता, पथ्य सांगितलं होतं. डोळे पिवळेच राहिले, आणि काल तो बरळू लागला तेव्हा त्याच्या बायकोने, रेश्माने, गाडी बोलावून त्याला इथे आणलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण, दक्षिणेकडच्या, गोव्यात नवीन. हिंदी मोडकी, मराठीच्या नावाने शंख. त्या इंग्रजीत विचारत होत्या आणि पल्लवी सासूला सांगत होती.

"आई, ती इचारता, निलेशाक काय दिलात?"

"पालो."

"कसलो?"

कमलाक्षीने नुसती मान हलवली.

बाईंनी दुसरा प्रश्न घातला. पल्लवी क्षणभर अडखळली. "ती इचारता, ह्या तुमका कळला खंयसून? कोणी शिकयला?"

"सासून."

"आनी तिका?"

"तिच्या सासून."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी काय म्हटलं ते कमलाक्षीला कळलं नाही, पण सूर कळला. म्हातारी लपवते आहे, असा तो सूर होता. तिला संताप आला. जन्मभर लोकांनी हात जोडले, आणि ही कालची पोर मला विचारते, कळलं कुठून! पण संतापाच्या खाली भीती होती. माझ्याच हाताने तर हा पोरगा मरायला टेकला नाही ना?

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे बोलल्या. निलेशचं यकृत बंद पडत चाललंय, पोटात काय गेलंय ते कळलं नाही तर इलाज चुकेल. रेश्मा भिंतीला टेकून ऐकत होती.

"मावशे, सांग गे," एवढंच ती म्हणाली.

कमलाक्षी उठली. गाडी करून सासूसुना नार्वेला आल्या. सुनेला रस्त्यावर ठेवून ती एकटीच नदीकाठी उतरली. वार नाही, वेळ नाही, आंघोळ नाही. सगळं मोडत होतं, तरी तिने पाला खुडला.

परतताना पल्लवी म्हणाली, "माझ्याकडे द्या, आई. मी दाखयतंय तिका."

"तुझ्या हातात दिलो की माझो हात संपलो. तू तिका दाखयलस की तुझो. एका दिसात दोन हात कित्याक संपवचे?"

इस्पितळात कमलाक्षीने खुणेने बाईंना हातमोजा काढायला लावला आणि पाला त्यांच्या उघड्या तळहातावर ठेवला. तोंडातून शब्द काढला नाही. बाईंनी भराभर फोटो काढले, कुणाकुणाला पाठवले. पल्लवी तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. घरातून काय गेलं ते तिला कळलं होतं.

संध्याकाळी बाईंनी सांगितलं, पाला विषारी नाही. कमलाक्षीने डोळे मिटले. पण बाई बोलतच होत्या, आणि पल्लवी सांगता सांगता चाचरू लागली.

"सगळा सांग," कमलाक्षी म्हणाली.

"ती म्हणता, पाल्यान वायट काय केला नाय. पण पाल्याच्या भरवशार तो घरी पडून रवलो. ते दीस फुकट गेले. आदीच इस्पितळात हाडलो असतो तर इतक्यार येवचा नसला."

तेव्हा मात्र कमलाक्षी रडली. रेश्माच्या देखत, पदर तोंडाला लावून रडली. विष दिलं असतं तर चूक झाली म्हणता आलं असतं. तिने दिला होता तो विश्वास.

निलेश वाचला. शनिवारी तो शुद्धीवर आला, पेज मागू लागला. आणि रविवारी सकाळी नेहमीसारखी ओसरीवर माणसं येऊन बसली, अनशापोटी, पिवळ्या डोळ्यांची.

"माझो हात गेलो," कमलाक्षीने सांगितलं. "म्हापशाच्या डॉक्टरणीक दिलंय. थंय जावा."

शेजारचा गोकुळदास समजावू लागला, "ती भायली. तिका दिल्लो हात हिशेबात धरूंक जायना. तू पालो वाट."

तिलाही पाटा दिसत होता. वाटला असता तर गावात कुणी बोट दाखवलं नसतं. "सासून माका दिलो तसोच मी तिका दिलंय," ती म्हणाली. "तो खरो तर ह्यो पण खरो. उठा. आयजच जावा, आनी काय खाव नकात."

कुरकुरत सगळे उठले. इस्पितळाचं नाव काढलं की जे पाय मागे घ्यायचे, तेही म्हापशाच्या बसला उभे राहिले.

दुपारी पल्लवीचा मोबाइल वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. इतकी माणसं दारात आहेत, उपाशी आहेत, हात पुढे करून उभी आहेत. यांना कुणी सांगितलं, मला पाल्याचं औषध येतं म्हणून? पल्लवीने फोन कानाशी धरूनच सासूकडे पाहिलं.

"आई, ती इचारता, आता काय करू?"

"तिका सांग, सगळ्यांचा रगत तपास. ठेवून घेवचा तेका ठेवून घे." कमलाक्षी पाटा उचलून भिंतीला उभा करत होती. "आनी तुका हात कोणी दिलो म्हणून कोणी इचारला, तर माझा नाव सांग."