फलकावरचा अर्ज

कचेरीत हेडक्लार्कला सगळे त्रुटीकाका म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या अंतरावरून. साक्षात देवाने रजेचा अर्ज दिला असता तरी काकांनी लाल शाईने ‘पत्ता अपुरा’ लिहून परत केला असता.

यंदा आरोग्य विम्याचे अर्ज आले. पर्याय दोन: आधी पदरचा खर्च करून मग बिलांसाठी हेलपाटे घाला, किंवा कार्ड दाखवून थेट खासगी दवाखान्यात भरती व्हा. आठवडाभर कामाच्या नावाने शंख. लेखापाल जुन्या पद्धतीच्या बाजूचा, कारण त्याच्या मेव्हण्याचं औषधांचं दुकान होतं आणि बिलं हवी तशी मिळत. ड्रायव्हरला गाडी सावलीत लावता येईल तो दवाखाना हवा होता. टंकलेखिकेने एवढंच विचारलं, “सासूबाईंचं नाव घालणं सक्तीचं आहे का?”

काकांचं मात्र ठरलं होतं. बायकोच्या पित्ताशयात खडे होते. जेवण झालं की ती पोट धरून बसे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, पण सरकारी दवाखान्याचं नाव काढलं तरी तिला धडकी भरे. तिची आई तिथून परत आली नव्हती. “कार्ड आलं की लगेच खासगीत,” असा काकांनी शब्द दिला होता.

त्यांनी आपला अर्ज मोत्यासारख्या अक्षरात भरला आणि नमुना म्हणून फलकावर टाचला. “यात आहे तसंच भरा. डोकं चालवू नका!”

हुकूम सर्वांत इमानाने पाळला शिपायाने. चाळिशी उलटलेला हा ब्रह्मचारी. त्याचे अर्ज काकांनी इतक्यांदा परत केले होते की त्याने धसकाच घेतला होता. स्वतःचं नाव तेवढं त्याने वर घातलं, बाकी सगळं जसंच्या तसं उतरवलं. काकांनी रकाना न रकाना फलकाशी ताडून पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाले, “शाबास! एकही त्रुटी नाही.” शेवटच्या तारखेला गठ्ठा मुख्य कार्यालयात गेला.

महिन्याने सगळ्यांची कार्डं आली. काकांचं नाही. फोनवर उत्तर मिळालं, “तुमचा अर्जच आलेला नाही. आता पुढच्या वर्षी भरा.” काकांनी फलकाकडे पाहिलं. अर्ज तिथेच होता, चारही कोपऱ्यांना टाचण्या.

तेवढ्यात शिपाई कार्ड घेऊन आला. “काका, यात माझ्या नावापुढे बायको दाखवलीय. माझं तर लग्नच झालं नाही.”

काकांनी नाव वाचलं. वय वाचलं. मग खुर्चीत बसले.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. बायको आधी पोट दुखेपर्यंत हसली. मग तिचं हसू विरलं. “म्हणजे आता तिथेच न्याल मला?” काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दोघं सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी राहिली. केसपेपर काढणाऱ्या बाईने मान वर न करताच विचारलं, “नवऱ्याचं नाव?”

बायकोने काकांकडे वळून पाहिलं.

“कोणाचं सांगू?” ती म्हणाली. “वेळेवर माझं नाव पाठवलं ते शिपायानेच.”